स्वस्तिकामागचा काटा

माझ्या हातून जेवढे हीटर नापास झाले, ते सगळे ज्या बाईने बनवले होते तिच्याच घरी मी राहत होते आणि तिच्याच हातचं जेवत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे गुणाकार-भागाकार येतील, त्यात मूळ अडचण हरवायला नको.

मी वाशीम जिल्ह्यातली. आठवीपर्यंत शिकले. नववीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि मधे नाला होता. घरच्यांनी नाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाळा संपली. पुढे लग्न झालं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही हे ज्यांना कळायला पाहिजे त्यांना कळलेलं आहे. मी माहेरी परत आले, तेव्हा आईने आठवून आठवून एक मावशी शोधून काढली. आईच्या मामेबहिणीची नणंद. दुर्गमधलं जुनं मराठी घराणं, तीन पिढ्या तिकडेच. मावशी स्वतः भिलाईला वैशाली नगरात राहायची. नवरा रेल्वेत होता, तो वारलेला, मुलगा पुण्याला. आईने फोनवर सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली तर मावशी मधेच म्हणाली, "धाडून दे. मागची खोली रिकामीच हाय."

मी आले. स्टेशनवर मावशी स्कूटी घेऊन उभी होती. वय चोपन्न, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. तिने माझी पिशवी पायाशी ठेवली आणि विचारलं, "भात खातं का पोळी?" त्या दिवसापासून तिने मला दुसरा कोणताही प्रश्न विचारला नाही. मला तर वाटत होतं की विचारेल, आज विचारेल, उद्या विचारेल. उत्तरं पाठ करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

मावशी दुर्गपलीकडे रसमड्याच्या एका छोट्या कारखान्यात हीटर गुंडाळायची. पिशव्यांची तोंडं चिकटवण्याच्या मशीनमध्ये जो चपटा हीटर लागतो, तो. अभ्रकाची पातळ पट्टी घ्यायची, तिच्यावर वीज गेली की तापणारी निक्रोमची तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा लागू द्यायचा नाही, वरून आणखी अभ्रक आणि पत्र्याचं कव्हर. झाला हजार वॅटचा हीटर. गुंडाळणारी मावशी एकटी. एकोणीस वर्षं. तार मोजायला तिने टेबलाच्या दोन टोकांना पितळेचे दोन खिळे ठोकले होते. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत मोजून फेऱ्या, मग कात्री. ती फेऱ्या तोंडाने मोजत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हात मोजते."

मला तिनेच तिथे लावलं. चार महिने मी पत्र्याचे कव्हर दाबायला होते. मग टेस्टिंगच्या टेबलावरचा माणूस काम सोडून सुरतला जायला निघाला, आणि सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळ्या सर म्हणतो, दारात उभे राहून म्हणाले, "दसवीं पास कौन है इधर?"

मावशीने माझं मनगट धरलं आणि हात वर केला. "ये है ना सर, हमारी भांजी."

मी आठवी. पण कामाला लागताना फॉर्म मावशीनेच भरला होता आणि त्यात दहावी लिहिलं होतं. खोटं मी बोलले नाही. माझा हात बोलला, आणि तोही दुसऱ्याने धरला होता. असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं.

सुरतला जाणाऱ्या माणसाने मला एका दुपारी सगळं काम शिकवलं. "हीटर लगाओ, स्विच डालो, एक मिनट रुको, एम्पियर देखो, चार्ट देखो." बस्स. भिंतीवर त्याच्या हाताचा चार्ट होता, प्लास्टिक लावलेला. तीन रकाने: एम्पियर, वॅट, ओम. चार पूर्णांक पस्तीस एम्पियर आले की समोर हजार वॅट आणि बावन्न पूर्णांक नऊ ओम. चार पूर्णांक तेरा ते चार पूर्णांक सत्तावन्न, एवढ्यात आलं की पास. बाहेर गेलं की हीटरवर लाल खडूची फुली आणि परत गुंडाळणारीच्या ट्रेमध्ये. ओम म्हणजे तार विजेला किती अडवते ते. तार लांब तर अडवणं जास्त, आणि अडवणं जास्त तर एम्पियर कमी. एवढं त्याने सांगितलं, आणि एवढं मला समजलं. एम्पियरचं मीटर नवीन होतं, लाल आकडे दिसायचे. शेजारी एक जुनं गोल मीटर होतं, काटेवालं.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"वो वोल्ट का है. वो तो दो सौ तीस ही रहता है. उसको क्या देखना."

मीही मग ते पाहिलं नाही. शिकवणाऱ्याने ज्याकडे पाहू नको सांगितलं त्याकडे पाहणारी मुलगी मी शाळेतही नव्हते.

आठवड्याभराने विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत हा दिवस काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको आणि तिकडच्यांना सांगून कळायचं नाही. प्रत्येक यंत्र धुतलं जातं, हार पडतात, पान्यांना आणि हातोड्यांनासुद्धा टिळा लागतो. आमच्याकडे यंत्रांवर स्वस्तिक काढायचा मान मावशीचा, कारण सगळ्यांत जुनी तीच. तेलात कालवलेला शेंदूर, घट्ट. तिने कॉम्प्रेसरवर काढलं, पत्रा दाबायच्या प्रेसवर काढलं, मग माझ्या टेबलापाशी आली. एम्पियरच्या मीटरला कडेला बोटभर टिळा लावला. मग ते गोल मीटर पाहिलं. पुढून काच, स्वच्छ, बशीएवढी. अशी जागा असताना स्वस्तिक दुसरीकडे काढणं बरं दिसलं नसतं. तिने काचभर काढलं, चारी बाजूंनी टिंबं दिली, वर दोन अक्षता चिकटवल्या आणि म्हणाली, "घे. आता तुया टेबलाले कायचीच भीती नाही."

पूजेचं स्वस्तिक कोणी पुसत नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जातं. कॉम्प्रेसरवर मागच्या वर्षीचं होतंच, या वर्षीचं त्याच्या शेजारी आलं.

दसऱ्यानंतर हीटर नापास व्हायला लागले.

पहिल्या दिवशी दुपारी चार हीटर. एम्पियर तीन पूर्णांक एक्याण्णव. मी स्विच बंद केला, चालू केला, तारा काढून परत लावल्या. तीन एक्याण्णव. चार्टमध्ये समोर आठशे नव्व्याण्णव वॅट आणि अठ्ठावन्न पूर्णांक आठ ओम. म्हणजे तार जास्त. मी चार फुल्या मारल्या आणि मावशीच्या ट्रेमध्ये हीटर ठेवून आले. तिने फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पहिला हीटर उघडायला घेतला. संध्याकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसून मी रसमड्यापासून वैशाली नगरपर्यंत तिच्या पाठीकडे पाहत आले. पाठ नेहमीसारखीच होती. मला ती वेगळी वाटली.

दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी अकरा. सगळे जेवणाच्या सुट्टीनंतरचे. सकाळचे सगळे पास.

नापास हीटर मावशी उघडायची, तार सोडवायची, पितळेच्या खिळ्यांवर परत मोजायची. तार बरोबर भरायची. मग तीच तार ती परत गुंडाळायची, तोवर संध्याकाळची सुट्टी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हीटर माझ्याकडे पास व्हायचा. सरांना यातून एकच गोष्ट दिसली.

"मौसी," ते म्हणाले, "सुबह का माल एकदम बढ़िया. खाने के बाद हाथ ढीला हो जाता है आपका."

"सर, तीन पोळ्या खाते मी. एकोणीस साल से तीन ही खाते."

"उमर भी तो उन्नीस साल बढ़ी ना मौसी."

बाकीच्या हसल्या. मावशीही हसली. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात दोन पोळ्या होत्या. मी आठ फुल्या मारल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पोळी. मी दहा फुल्या मारल्या. मग ती सुट्टीत जेवलीच नाही, पाणी पिऊन टेबलाशी बसून राहिली, आणि त्या दुपारी मी बारा हीटर परत केले. संध्याकाळी घरी तिने मला वांग्याची भाजी वाढली आणि वर म्हणाली, "अजून घे. दिवसभर उभी राहते तू." मी घेतली. न घेता काय केलं असतं ते मला आजही सुचलेलं नाही.

"मावशी, तार थोडी कमी करून पाहा ना," मी म्हटलं. "दोन वेढे."

"कावून?"

"एम्पियर वाढतीन."

"तार बरोबर हाय," ती म्हणाली. "बरोबर तारेले मी कावून कापू? तुया मीटरले सांग."

मीटरचा दोष असेल तर तो पाहायला ओम मोजायचं एक छोटं यंत्र कारखान्यात होतं. ते तपासणीसाठी रायपूरला गेलं होतं. जाऊन दीड महिना झाला होता. त्याच्याबद्दल कोणी विचारलं की सर म्हणायचे, "आ रहा है."

मग एक चूक झाली आणि तिने मला आठ दिवस सुख दिलं. एका संध्याकाळी घाईत दोन नापास हीटर मावशीच्या ट्रेमध्ये ठेवायचे राहिले. माझ्याच टेबलाखाली पडून राहिले. सकाळी मला वाटलं हे नवीन आहेत; लावले. चार चौतीस. चार छत्तीस. पास. मग लाल फुली दिसली. ना कोणी उघडले होते, ना तार बदलली होती.

मी बराच वेळ विचार केला आणि माझ्या शिक्षणाप्रमाणे निष्कर्ष काढला: नवीन हीटरला रात्रभर विश्रांती लागते. यात मला काही वावगं वाटलं नाही. विटा पाण्यात मुरवतात, कणीक भिजवून ठेवतात, गरम तव्यावर पाणी टाकत नाहीत. हीटरही सकाळी बनला, दुपारी लगेच तापवला, तर थकत असेल. त्या दिवसापासून दुपारचे नापास मी फुली न मारता टेबलाखालच्या कप्प्यात ठेवू लागले. अभ्रकाला धूळ लागू नये म्हणून माझी जुनी ओढणी पांघरली. सकाळी आल्याबरोबर काढून लावायचे. सगळे पास. एकही नापास नाही. मावशीच्या डब्यात दोन पोळ्या परत आल्या. सर म्हणाले, "देखा, हलका खाने से फर्क पड़ा ना." मावशी म्हणाली, "जी सर." मी खाली पाहून रजिस्टर लिहीत होते.

रजिस्टरमध्ये मी दुपारच्या रकान्यात काहीच लिहीत नव्हते. तिथे पोकळी दिसत होती. ती मला दिसत होती म्हणजे कधीतरी सरांनाही दिसणार, ही धास्ती मला रोज होती. पण धास्ती मला कशाचीही असते, म्हणून मी तिच्याकडे विशेष लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी सर फ्यूजची तार शोधत माझ्या कप्प्यात वाकले. ओढणी उचलली. खाली बावीस हीटर, ओळीने.

"ये क्या है?"

"आराम कर रहे हैं, सर."

सर बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मी गंमत करते आहे का ते पाहत असावेत. मी करत नव्हते. मी त्यांना विश्रांतीचं सगळं समजावून सांगितलं, तवा आणि कणकेसकट. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी हसरा झाला आणि मग हसरा राहिला नाही.

"एक ही घर में रहते हो ना तुम दोनों?"

"हो सर."

"मौसी फेल माल बनाती है, भांजी छुपाती है, सुबह पास लिख देती है. बढ़िया है. और मैं पार्टी को भेज रहा हूँ."

प्रेस थांबली. पॅकिंगमधली छत्तीसगढी बाई हातात खोका घेऊन उभी राहिली आणि काय झालं ते हळूच विचारू लागली, "का होगे दीदी?" मावशी तिच्या जागेवरून उठली नाही. तिच्या हातात तार होती, वेढे अर्धे झाले होते. मधेच सोडले असते तर ढिले पडले असते. तिने पट्टी पूर्ण केली, टोक वाकवलं, मग मान वर केली.

सर म्हणाले, "कल दोपहर को मेरे सामने टेस्ट होगा. फेल निकला तो सोमवार से मौसी पैकिंग में. नई लड़की आएगी वाइंडिंग पे."

पॅकिंग म्हणजे खाली सतरंजीवर बसून खोक्यात हीटर घालायचे. पगार तोच. पण तिथे कोणीही बसतं. मावशीचे ते दोन पितळेचे खिळे कोणी नवीन मुलगी उपटून काढील, एवढंच मला सारखं दिसत होतं.

त्या संध्याकाळी मावशी कुकरची शिटी मोजत ओट्याशी उभी होती आणि मी जमिनीवर चार्टची नक्कल घेऊन बसले होते. चार्टमध्ये चूक सापडावी एवढीच माझी आशा होती. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकेक ओळ तपासली. आधी काहीच जुळेना. एम्पियर आणि वॅट यांच्यात काय नातं आहे तेच मला माहीत नव्हतं. मग कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिलेलं दिसलं, व्ही बरोबर दोनशे तीस. वॅटला एम्पियरने भागलं. दोनशे तीस. दुसरी ओळ, दोनशे तीस. प्रत्येक ओळीत तेच. म्हणजे दोनशे तीसला एम्पियरने गुणलं की वॅट, आणि दोनशे तीसला एम्पियरने भागलं की ओम. सगळा चार्ट एवढाच होता. सगळ्या ओळी तपासल्या. एकही चूक नव्हती. चार्ट बरोबर होता. मला फार वाईट वाटलं.

"काय करून राहिली व?" मावशीने विचारलं.

"हिशेब बरोबर हाय मावशी."

"मग चांगलंच हाय की."

"तुमचं नाव फेलमध्ये जाते त्यानं."

तिने कुकर उतरवला. "जाऊ दे. खोके भरीन. पाय तरी पसरून बसता येईन." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे पाठ करून, "पण तार बरोबर होती पोरी. मले माहीत हाय."

शनिवारी सकाळचे हीटर पास झाले. सुट्टीत मावशी जेवली नाही, मीही जेवले नाही, आणि दोघींनी एकमेकींना "जेव ना" म्हटलं. सुट्टी संपली. मी टेबलाशी गेले. सर आणि मावशी यायचे होते.

माझ्या टेबलावर रजिस्टर उघडं असतं आणि वर पंखा. सकाळी पानं उडतात म्हणून मी चिनीमातीचा एक तुकडा वर ठेवते, आणि दुपारी तो काढते, कारण दुपारी पानं उडत नाहीत. बरेच दिवस हे करत होते. हातच करत होता. त्या दिवशीही हात गेला, तुकडा उचलला, आणि तसाच थांबला.

दुपारी पानं का उडत नाहीत?

मी वर पाहिलं. पंख्याची पाती मोजता येत होती. सकाळी ती दिसतसुद्धा नाहीत. आणि मग मला तो आवाजही ऐकू आला, जो मी रोज ऐकत होते: भिंतीपलीकडच्या प्लॉटवर विजेवर लोखंड वितळवायची नवीन भट्टी लागली होती, दसऱ्यालाच पूजा करून सुरू झालेली. ती दुपारी जेवणानंतर चालू व्हायची. घूं करून सुरू झाली की आमच्याकडची ट्यूबलाइट एकदा डोळा मिचकावायची. पंखा हळू. म्हणजे वीज कमी जोराने येते. म्हणजे व्ही बरोबर दोनशे तीस हे दुपारी कशावरून?

मी व्होल्टच्या मीटरकडे पाहिलं. तिथे स्वस्तिक होतं.

कडेने वाकून पाहिलं. काटा शेंदराच्या मागे कुठेतरी होता. त्याचं बूड दिसत होतं, टोक नाही. तेवढ्यात सर आले, मागून मावशी. मावशीच्या हातात सकाळी तिने बनवलेला एक हीटर होता, फडक्यात धरलेला.

"लगाओ," सर म्हणाले.

लावला. एक मिनिट थांबलो. तीन पूर्णांक एक्याण्णव. सर चार्टकडे गेले, बोट फिरवलं आणि ओठ आवळले.

"सर," मी म्हटलं, "इसके नीचे देखना पड़ेगा." आणि मीटरकडे बोट केलं. मग मावशीकडे वळले, कारण विचारायचं तिला होतं. "मावशी, पुसू का?"

मावशीने स्वस्तिकाकडे पाहिलं. "आपोआप गेलं नाही ते अजून."

"तुमचं टेबल जाईन मावशी."

"थांब." तिने बूट काढले. हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटली. मग पदराचं टोक माझ्या पाण्याच्या बाटलीत बुडवलं, आणि काच पुसली. तेलातला शेंदूर, पाण्याने जाईना. तिने नखाने खरवडला. आधी एक अक्षत पडली, मग एक टिंब गेलं, मग स्वस्तिकाचा उजवा हात, आणि त्याच्यामागे काट्याचं टोक.

दोनशे सात.

"मीटर पुराना है," सर म्हणाले, पण तसं जोरात नाही.

टेस्टिंगच्या जागी मोबाइल चालत नाही, माझा खुंटीवरच्या पिशवीत होता. मी खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि पेनने गुणाकार मांडला, दोनशे सात गुणिले तीन पूर्णांक एक्याण्णव. आठशे नऊ पूर्णांक सदतीस.

सर वाकून पाहत होते. "आठ सौ नौ? चार्ट में तो आठ सौ निन्यानवे था. ये तो और गिर गया!"

खरंच आणखी पडलं होतं. मी मावशीला वाचवायला गेले आणि नव्वद वॅट आणखी घालवले. मावशीला आकडे कळत नव्हते, माझा चेहरा कळत होता.

मग मी भागाकार मांडला. दशांशाचा भागाकार आमच्या शाळेत आठवीच्या शेवटी होता आणि ते दिवस शेंगा तोडायचे होते, म्हणून मला तो नीट येत नव्हता. दोन्हीकडे शून्यं देऊन सरळ केलं: वीस हजार सातशे भागिले तीनशे एक्याण्णव. सरांनी आपला मोबाइल काढला, त्यांना चालतो, आणि त्यांचं उत्तर क्षणात आलं. मला कळलं ते, कारण त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला. पण त्यांनी सांगितलं नाही. ते थांबले. मी पाचचा भाग घातला, दोनचा घातला, उरले तीनशे अडुसष्ट, शून्य घेतलं, नऊचा भाग.

बावन्न पूर्णांक नऊ.

चार्टमध्ये चार पस्तीसच्या समोर तेच लिहिलं होतं. बावन्न पूर्णांक नऊ. वीज कमी आली म्हणून एम्पियर कमी, आणि दोन्ही कमी म्हणून वॅट दुप्पट कमी दिसतात. पण एकाला दुसऱ्याने भागलं की तारेचं आपलं जे आहे ते तसंच उरतं. ते मी असं सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, "तार बराबर है सर. बिजली कम है."

सरांनी सकाळी पास झालेला एक हीटर मागवला आणि स्वतः लावला. तीन पूर्णांक ब्याण्णव. त्यांनी तो काढला, दुसरा लावला. तीन एक्याण्णव. मग ते बाहेर गेले, भिंतीवरून पलीकडच्या भट्टीकडे बघत उभे राहिले, आणि परत आले.

"दसवीं में ये सब पढ़ाते हैं?" त्यांनी विचारलं. चांगल्या आवाजात विचारलं.

हो म्हणता आलं असतं. पण पुठ्ठ्यावर माझा भागाकार होता, आणि तो आठवीचाच दिसत होता. "पता नहीं सर. मैं आठवीं तक हूँ."

"फॉर्म में तो..."

"हमने लिखा सर," मावशी म्हणाली. तिच्या पदराला शेंदूर लागला होता. "इसको मत बोलो."

सर एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत म्हणाले, "आप दोनों का क्या करूँ मैं." आम्ही दोघी उत्तराची वाट पाहत उभ्या राहिलो, कारण आम्हालाही ते हवं होतं. शेवटी ते म्हणाले, "फॉर्म में आठवीं करवा लेना. और रजिस्टर में वोल्ट का कॉलम बनाओ." दारातून परत वळून म्हणाले, "और वो आराम वाले बाईस, वो भी भाग करके देखो."

मी बावीस भागाकार केले. सगळे पुठ्ठ्यावर. सगळे बावन्नच्या पुढेमागे. शेवटचे पाच मला चांगले जमले.

संध्याकाळी स्कूटीवरून येताना दुर्गच्या रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा मावशी मान न वळवता म्हणाली, "आठवी हाय हे सांगायची गरज नव्हती तुले."

"निघून गेलं तोंडातून."

"मंग, वाटते का हलकं?"

"नाही. भीती वाटते."

"ते तर तुले असंही वाटते," ती म्हणाली, आणि फाटक उघडलं.

आता माझ्या रजिस्टरमध्ये चार रकाने आहेत, आणि मी आधी काटा पाहते, मग लाल आकडे. छोटं यंत्र रायपूरहून अजून यायचं आहे. पुढच्या पूजेला मावशीने स्वस्तिक मीटरच्या खालच्या लाकडावर काढलं. काचेला फक्त एक टिंब दिलं, अगदी कडेला, शून्याच्याही डावीकडे, जिथे काटा येत नाही.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सुट्टीत तिने डबा उघडला तेव्हा मी तिच्या समोर बसले होते. तिने झाकण काढलं आणि माझ्याकडे न पाहता डबा थोडा माझ्या बाजूला वळवला. तीन पोळ्या होत्या. मी मोजल्या.